अंतरपाटाआडची रागी

आमच्या मंडळींत रीत अशी, की लग्नात नवरीच्या मामानं तिच्या मागं नुसतं उभं राहून भागत नाही. मंगलाष्टकंही त्यानंच रचायची. छापील चालत नाहीत, मोबाइलवरून उतरवलेली तर मुळीच नाहीत. मामाला कविता येत नसेल तर त्यानं शिकायची, नाहीतर भाचीला बिनलग्नाची ठेवायची. पूर्वज म्हैसुरात कापडं रंगवायला आले ते ही रीत गाठोड्यात बांधूनच आले. रंगाचं काम गेलं, रीत राहिली. त्यामुळं म्हैसुरातल्या आमच्या चार घरांतून जितके कवी निघाले तितके सगळ्या महाराष्ट्रातून निघाले नसतील. त्यांतला सगळ्यांत मोठा मी. हे मी म्हणत नाही, माझ्या बहिणी म्हणतात, आणि त्यांना मुली आहेत.

माझा विषय खेडं आणि ऋतू. सहा ऋतूंची सहा मंगलाष्टकं, एकाला एक लावून म्हटली की नवरानवरी उभ्याउभ्या एक वर्ष संसार करून मोकळी. म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीत माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. नव्या घरांची गर्दी, त्यामुळं गिऱ्हाइकाला तोटा नाही, पण गिऱ्हाईक पंख्याचं बटण मागत असतं तेव्हा मी विहिरीकाठच्या वडाखाली बसलेला असतो. माझ्या शब्दांना ताकदही तशीच आहे. एका लग्नात मी ग्रीष्म म्हटला, तर पंगतीसाठी आणलेलं आइस्क्रीम बंद डब्यात वितळलं. दुसऱ्या लग्नात शिशिर म्हटला आणि पुढच्या रांगेतल्या तीन काकांनी मफलर मागवले. हॉलवाल्यानं त्यानंतर मला वर्षा ऋतू म्हणायची बंदी केली, कारण खाली पार्किंग आहे.

आता कुणी विचारील की खेडं पाहिलं होतंस का. पाहिलं होतं की, बसच्या खिडकीतून. आणि ऋतूंचं म्हणाल तर म्हैसुरात ते दोनच, दसरा आणि उरलेलं वर्ष. पंखा बारा महिने दोनवर. अशा हवेत सहा ऋतू काढायचे म्हणजे कवी किती जबरदस्त लागेल याचा विचार करा.

असा मी, आणि अशात अक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भाची म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिथल्याच एका मुलाशी कंपनीच्या बसमध्ये ओळख झाली. तो पुण्याचा. आई तो लहान असतानाच गेली, आत्यानं वाढवलं. तो नोकरीला इकडं आला तशा आत्याबाईही आल्या. हूटगळ्ळीत नवं घर बांधलं त्यांनी, त्यातली सगळी बटणं माझ्या दुकानातली. बाई तशा प्रेमळ. मराठी इतकी स्वच्छ बोलतात की ऐकणाऱ्यानं दात घासून यावं.

साखरपुड्याला त्यांनी भाचीला कौतुकानं विचारलं, "स्वयंपाकाची आवड आहे का ग?"

भाची आपल्या घरच्यासारखी बोलून गेली, "आहे ना, अवलक्कीला वग्गरणे घालून मी करते ते एकदम सूपर होतं, बट सकाळी टाइमच गावत नाही, बस चुकली तर मॅनेजर सुम्मने रागावतो."

पोह्यांना फोडणी घालते आणि मॅनेजर उगाच रागावतो, एवढंच पोरीनं सांगितलं होतं. म्हैसुरातल्या आमच्या घरांत सगळे असेच बोलतो. वाक्य मराठीत निघतं, वाटेत कन्नडच्या ओसरीवर पाणी पितं आणि इंग्रजीच्या स्टॉपवर उतरतं. पण आत्याबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि आपल्या यजमानांना हाक मारली.

"अगबाई, किती गोड. अहो, इकडं या, ऐका तरी. बाळ, यांना म्हणून दाखव ना."

तिनं म्हणून दाखवलं. मग एक काका आले, त्यांच्यासाठी पुन्हा. मग फोनवर पुण्याची बहीण होती, तिच्यासाठी पुन्हा. आत्याबाईंच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. चांगला लाडू झाला की माणूस सगळ्यांना चाखायला देतो तसं चाललं होतं. पण लाडवाला कुणी विचारत नाही. शेवटच्या खेपेला भाचीचा आवाज इतका बारीक झाला की फोनमधल्या बहिणीला ऐकूच गेलं नाही. त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. निघताना आत्याबाईंना म्हणाली ते इंग्रजीत, थँक्यू आंटी. पुढं फोन यायचे, त्यालाही उत्तर इंग्रजीत. आत्याबाईंचं इंग्रजी बेतास बात. त्या "येस, येस" म्हणून फोन भाच्याकडं द्यायच्या.

अक्कानं मला दुकानात येऊन गाठलं. "तुला कळतंय का रे, काय झालंय ते? आपली पोर त्या घरात मुकी राहणार. मी विचारलं तर म्हणते, अम्मा, मी तिथं मराठी बोलणारच नाही, ठरवलंय."

"पोरीची जात, विसरेल."

"तुझ्या घरची जात. विसरत नाही." अक्का स्टुलावर बसली. "आपली भाषा राजे गेले तरी टिकली, तमिळ शेजारी आले तरी टिकली. आणि आता पुण्याच्या माणसांच्या घरात जाऊन बंद पडणार. तूच बोल तिच्याशी. तुझं ऐकते."

मी बोललो. म्हणजे, मी बोलायला गेलो आणि तिनं मला बोलू दिलं नाही. मी माझा हेमंत ऋतू वाचून दाखवत होतो, ताजा होता.

"हेमंतात दवांत न्हाउनि उभी, ज्वारी सख्यांच्यासवे," मी म्हटलं आणि वाहवासाठी थांबलो.

"मामा, ज्वारी इथं कुठं आहे?"

"काव्यात आहे."

"आणि न्हाउनि म्हणजे?"

"न्हाऊन. अंघोळ करून."

"ज्वारी फ्रेंड्सबरोबर अंघोळ करते, असं?" ती हसली नाही. "मामा, मी तिकडं कापडाच्या मागं उभी राहणार. लग्न माझं. मला अर्थच होईना तर काय? आधीच त्यांचं मराठी वेगळं. आता तुझंही वेगळं. मग माझं कुठलं?"

 मी वही मिटून म्हटलं, "ठीक आहे, तुला समजेल असं लिहितो. पण मग खेडं दाखव मला तुझं. ज्वारी नाही तर नाही, काय आहे ते तरी बघू."

योगायोगानं अक्काला पहिली लग्नपत्रिका बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या देवाला ठेवायची होती. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही मामाभाची स्कूटरवरून निघालो. हुणसूरच्या रस्त्यानं वारा असा की माझी मिशी कानामागं गेली. डोंगराच्या पायऱ्यांबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच सांगतो, की अर्ध्यावर मला पश्चिमेला समुद्र दिसला, तीन चतुर्थांशावर माझे आजोबा दिसले आणि वर पोचलो तेव्हा देवानंच मला बसायला सांगितलं. भाची पुढं जाऊन पत्रिका ठेवून आलीसुद्धा.

खाली उतरल्यावर मी वही काढली. खेडं पाहायचं होतं. पाहिलं तर काय, जागोजाग विटांच्या उंच, बिनखिडक्यांच्या खोल्या. म्हटलं, ही कसली देवळं? भाची म्हणाली, "तंबाकू भाजतात आत. इथं सगळा तंबाकूच." झालं. माझ्या सगळ्या काव्यात तंबाखूला जागा नव्हती. तरी कवी तो कवी, मी तिथल्या तिथं जुळवलं:

तंबाखू सुकते उभ्या विटघरी, खोकून सासू म्हणे

"मामा," भाची म्हणाली, "हे म्हटलंस तर मी मंडपातून उठून बसनं ऑफिसला जाईन."

परतीच्या वाटेवर, गाव जेमतेम मागं पडलं असेल, डांबरी रस्त्यावर रागी पसरली होती. रागी म्हणजे आपली नाचणी. कणसांसकट काड्या कापून आडव्या अंथरलेल्या, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, गुडघाभर जाड. मी ब्रेक मारला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक बाई कडेला काठी घेऊन उभी होती. ती कन्नडात म्हणाली, "थांबलात कशाला? वरून चला."

"अम्मा, गाडी घसरेल."

"घसरलात तर रागीवरच पडाल. मऊ आहे."

माझं कन्नड म्हैसूरच्या राजवाड्यात चालेल असं आहे, पण रागीवर ते चालेना. पाय दोन्ही बाजूंना पसरून, बदकासारखा, मी गाडी पलीकडं नेली. खाली कडकड आवाज होत होता, जणू सगळ्या गावाचे पापड मी एकटा मोडतोय. पलीकडं पोचून सुटकेचा श्वास घेतला तर मागून हाक आली.

"आता परत या."

"परत कशाला?"

"एकदा जाऊन दाणा सुटतो का? तुमची गाडी हलकी आहे. जास्त फेऱ्या लागतील." मग तिनं भाचीकडं पाहिलं. "तू उतर ग. तुझं काय वजन. ह्यांना ठेव, हे बरे आहेत."

भाची उतरली. उतरली ती त्या बाईच्या बाजूलाच जाऊन उभी राहिली, आणि तिथून माझ्या विरोधात गेली. मी इकडून तिकडं, तिकडून इकडं. बैल नसतील का हो गावात? असतील. पण बैलाला चारा लागतो, आणि मी पेट्रोल घरून भरून आलो होतो. बाई काठीनं काड्या उलटवायची, मी त्या चेंगरायचो, भाची खालचे दाणे केरसुणीनं एका बाजूला लोटायची. मध्येच हुणसूरहून एक बस आली आणि माझ्या साऱ्या फेऱ्यांचं काम एका दमात करून, हॉर्न वाजवून निघून गेली. मी बसकडं पाहिलं नाही. कलावंताला असे अपमान गिळावे लागतात.

"हे काय करतात?" बाईनं भाचीला विचारलं.

"कविता लिहितात."

"मग बरं झालं," बाई म्हणाली. "वेळ असेल त्यांना."

दोघी हसल्या. भाची तर कंबर धरून हसली, आणि मग बोलत सुटली: लग्न कधी, मुलगा कुठला, मामा कसा वर चढताना पायरी पायरीला देवाला आवाज देत होता. मी फेऱ्या मारता मारता ऐकत होतो. साखरपुड्यापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. ती कन्नडात बोलत होती हे खरं, पण आवाज तिचा होता. तो कुठल्या बटणानं सुरू होतो हे तोवर मला माहीत नव्हतं, आणि मी बटणांचा व्यापारी.

निघताना बाईनं शेताच्या बांधावरच्या वेलींवरून ओढून एक पोतंभर अवऱ्याच्या शेंगा दिल्या. अवरे म्हणजे पावट्याचा इकडचा भाऊ. थंडीत दव पडलं की त्याला असा वास सुटतो की पोतं स्कूटरवर असताना वाटेत दोन पोलिसांनी आम्हाला अडवलं आणि फक्त भाव विचारला.

त्या संध्याकाळी अक्काच्या घरी शेंगा सोलायला सगळ्या बायका बसल्या: अक्का, तिच्या दोन जावा, माझी बायको, भाची. दाणे भिजवायचे, मग एकेक बोटांत धरून दाबायचा. सालातून हिरवी डाळ पिचकारीसारखी सुटते. नेम चुकला की समोरच्याच्या डोळ्यात. मी मधोमध वही घेऊन बसलो होतो आणि सगळ्यांचे नेम चुकत होते.

"मामा, ते लिही ना," भाची म्हणाली. "दुपारचं."

"काय दुपारचं?"

"रागीवर ऊन होतं ते. एकेका कणसात बसलं होतं, बघितलं नाहीस? तू गाडीच बघत होतास."

मी म्हटलं, "रागीच्या कणसांत ऊन..."

"आलं," जाऊ म्हणाली.

"उतरलं," अक्का म्हणाली.

"उतरे," मी म्हटलं, कारण वृत्त माझ्या हातात होतं, बाकी काही नव्हतं. मी मात्रा सांगायचो, त्या शब्द फेकायच्या. बसला की ठेवायचा, नाही बसला की दाण्याबरोबर पातेल्यात. दुसरी ओळ गल्लीतल्या वासाची, ती माझ्या बायकोनं दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाई कवी आहे हे मला कळू दिलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत भाचीनं मला घातलं. मी विरोध केला. मंगलाष्टकात देव असतात, नद्या असतात, घामाघूम मामा नसतो.

"असतो," ती म्हणाली. "लग्न माझं."

चौथ्या ओळीला तिनं आणखी दाणे पुढ्यात ओढले. डाळ दाबत राहिली, सालं एका बाजूला, डाळ दुसऱ्या बाजूला. मग खाली बघतच म्हणाली, "मामा, आम्ही इथलेच, इथंच पिकलो, असं होतंय का तुझ्या त्या वृत्तात?"

होत होतं. एक 'च' काढून 'हे' घातला आणि बाकीचं जवळजवळ जसंच्या तसं बसलं. मी ते पेन दाबून लिहिलं.

पूर्ण झालेलं असं:

रागीच्या कणसांत ऊन उतरे, दाणा सुखाने भरे
गल्लीतून सुगंध येत शिरतो, शेंगा घरी सोलता
रस्त्याचेच खळे करून मळणी, मामा करी धावुनी
आम्ही हे इथले, इथेच पिकलो, कुर्यात् सदा मंगलम्

यमक एकाही ओळीला नाही. मी ते बोलून दाखवलं. पाच बायकांनी पाच दाणे माझ्याकडं रोखले, मी वही मिटली. पण घरी जाऊन सहा ऋतूही घासूनपुसून लिहून ठेवले. म्हटलं, हे एक तिच्यासाठी होईल, पण पुण्याचे पाहुणे येणार, त्यांना काय दाखवायचं? रस्त्यावर घसरणारा मामा?

माघात लग्न झालं. हॉल भरला. एका बाजूला आमची मंडळी, मोगरा आणि रेशीम. दुसऱ्या बाजूला पुण्याची, पैठण्या आणि कॅमेरे. अंतरपाट धरला गेला, भाची अलीकडं, नवरा पलीकडं, मी भाचीच्या मागं, खिशात सहा ऋतू. गुरुजींनी अक्षता वाटायला सांगितल्या. मुलाकडच्यांनी आधी म्हणावं असं ठरलं होतं. आत्याबाईंनी माइक घेतला.

आणि काय सांगू, त्याही कवी निघाल्या. वसंतापासून सुरुवात. त्यांच्या वसंतात माझ्या वसंताइतकेच आंबे होते. ग्रीष्मात तोच वड, तीच विहीर. शरदात मोटसुद्धा. मी ओळ संपायच्या आत पुढची ओळखत होतो. दुधाचे दात पडायच्या वयात त्यांनी गाव सोडलेलं, तेव्हापासून इकडं येईपर्यंत पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. तरी काय थाट, काय गळा. हेमंताला पोचल्या तेव्हा त्यांच्याही शेतात ज्वारी सख्यांबरोबर उभी होती. माझ्या अंगाची लाही झाली. एवढी जुळी कविता जगात असेल आणि ती दुसऱ्याच्या तोंडून आधी यावी, हे कुठल्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. मी खिशात हात घातला. माझ्या हेमंतात दव त्यांच्यापेक्षा जास्त होतं. माझा शिशिर सुरू झाला असता तर पैठण्यांनी शाली मागितल्या असत्या.

आत्याबाईंचा शिशिर संपला तेव्हा अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरत होते. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"मामा, एकच. मुहूर्त आला."

एकच. सहा खिशात, एक तोंडपाठ. माइक हातात, समोर पुणं. खोटं कशाला बोला, माझी बोटं कागदापर्यंत पोचली होती. एकच म्हणायचं तर हेमंतच, आणि बघा म्हणावं कुणाची ज्वारी जास्त भिजलीय.

भाचीनं मान वळवली नाही. मुंडावळ्या हलल्या फक्त. तिच्या पाठीतून आवाज आल्यासारखा आला, एवढा हळू.

"मामा, रागी."

तिची मेंदी लावलेली बोटं पदराचं टोक पिळत होती, डाळ काढताना दाबतात तशी. मी कागद आत ढकलला आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला पुण्याच्या बाजूचे कॅमेरे माझ्याकडं वळले. दुसऱ्या ओळीला आमच्या बाजूच्या बायका उठल्या. त्या संध्याकाळच्या, भाची सोडून, चौघी होत्याच, पण त्यांनी एव्हाना ते मोहल्लाभर वाटलं होतं. सगळी बाजू म्हणू लागली. "मामा करी धावुनी" आलं तसा आमच्याकडं हशा पिकला, आणि कापडाच्या पलीकडून नवराही हसला, हे मी ऐकलं. चौथ्या ओळीला मी श्वास घेतला, आणि माझ्याआधी दुसराच आवाज निघाला.

नवरी म्हणत होती. अंतरपाटाआडून, मान ताठ करून, मोठ्यानं. आम्ही हे इथले, इथेच पिकलो. नवरीनं स्वतःची मंगलाष्टकं म्हणायची नाहीत असं कुठं लिहिलेलं नाही, पण म्हटलेली आजवर कुणी ऐकलीही नव्हती. गुरुजींचा अक्षतांचा हात वरच राहिला. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा मी माझा आवाज हळूहळू उतरवत शून्यावर आणला. तिनं एकटीनं "मंगलम्" पर्यंत नेलं. मग ताशा, अक्षता, आणि कापड खाली.

एवढ्यावर मी खूश होतो. पण अक्का नव्हती. पंगतीच्या वेळी ती माझ्या कानाशी आली. "म्हटलं खरं. पण ते पाठ केलेलं. बोलेल का, ते बघायचंय."

नवरानवरीच्या पंगतीला पानं मांडली होती. भाचीच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आत्याबाई, समोर मी. पानात अवऱ्याच्या सोललेल्या डाळीचं सार आलं. आत्याबाईंनी एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"हे कशाचं ग?" त्यांनी भाचीला विचारलं.

भाचीनं वर पाहिलं. "इट्स अ काइंड ऑफ..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधत राहिली. अक्का वाढप्याच्या मागं उभी होती, ती हललीसुद्धा नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही ते म्हटलंत ना, शेंगा घरी सोलता, त्या ह्याच का? मी सहा म्हटली आणि मला स्वतःला त्यातलं काही करता येत नाही बघ. मोट मी कॅलेंडरवर पाहिली आहे." मग स्वतःच्या पानाकडं बोट दाखवून, "हे साल काढतात कसं? एवढं कुणी काढलं?"

"आम्हीच काढलं, आत्या," भाची म्हणाली. मराठीत. मग जरा थांबून, "अवरे ते. आधी शेंगा सोलायच्या, मग दाणे पाण्यात टाकायचे, भिजले की हिचुकायचं."

"हिचुकायचं म्हणजे?"

भाचीनं सारातला एक दाणा उचलला, बोटांत धरून दाखवला. "असं. मग आतलं पुचुक्कन बाहेर येतं. पण सुम्मने कधीचेही घेतले तर चालत नाही हं, आत्या. दव पडायला पाहिजे. दव पडलं की शेंगेवर सोगडु येतं, म्हणजे वास पण नाही, ते चिकट चिकट असतं ना, हाताला लागलं की साबणानंही जाईना, दोन दिवस हात तसाच, ऑफिसात कीबोर्डला पण वास. माझा मॅनेजर म्हणतो, इवत्तु, म्हणजे आज, तुमच्या घरी अवरेकाय काय?"

आत्याबाईंनी जेवण सोडून तिच्याकडं तोंड वळवलं होतं. अर्ध्या शब्दांना त्या कपाळाला आठी घालत होत्या आणि तिला थांबवून अर्थ विचारत होत्या. ती सांगत होती, आणि तो अर्थ सांगताना त्यात आणखी दोन नवे शब्द घालत होती. मी पाहिलं, विषय रागीकडं वळला. आता माझा प्रसंग. मी सरसावून बसलो.

"त्याचं असं झालं, आत्याबाई, की त्या रस्त्यावर रागीचा डोंगर होता, हत्ती बुडेल एवढा, आणि मी एकटा..."

"तुम्ही थांबा हो," आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तिला सांगू दे."

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी थांबवलं नव्हतं. अक्कानं वाढप्याच्या मागून तोंडाला पदर लावला.

"मग आपल्याकडं मिळतील का हे?" आत्याबाई विचारत होत्या. "हूटगळ्ळीत?"

"मिळतात की. सकाळी गाडीवाला येतो ना, ओरडत."

"येतो ग. पण काय ओरडतो ते मला आजवर कळलेलं नाही. मला वाटायचं भंगारवाला."

"भंगारवाला वेगळा, आत्या. त्याचं नाकातून येतं. हा असं ओरडतो." आणि अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या, हात सारानं माखलेला, अशी ती नवरी मान मागं टाकून भर पंगतीत ओरडली, "अवरेकाऽऽय, सोगडवरेकाऽऽय."

सगळा हॉल वळून बघायला लागला. तिकडच्या टोकाला उभ्या असलेल्या वाढप्याला वाटलं नवरीला सार कमी पडलं. तो बादली घेऊन धावत आला आणि कुणी काही म्हणायच्या आत दोघींच्या पानांत डावभर ओतून गेला.

"असं का," आत्याबाई म्हणाल्या, आणि हलक्या आवाजात, कुणी ऐकत नाही ना ते बघत, एकदा म्हणून पाहिलं. "अवरेकाय."

"नाही, आत्या," भाची म्हणाली. "शेवटी जरा ओढायचं."